विद्यापीठाच्या नोंदींत आपले आडनाव शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलवृत्तांत लिहायला घेतलेली, वंशावळीतली रिकामी जागा भरू पाहणारी किंवा नुसत्या कुतूहलापोटी विचारणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी शक्यतो परांजपे हे एकच आडनाव घेतले आहे. ते फार विरळ नाही आणि जोशी-कुलकर्ण्यांइतके गावोगाव पसरलेलेही नाही. शिवाय त्याच्या विद्यापीठीय नोंदी पुण्यापासून केंब्रिजपर्यंत सापडतात. जेथे या आडनावाने काम भागत नाही, तेथे दुसरी उदाहरणे दिली आहेत.

१. आमचे आडनाव परांजपे आहे. रँग्लर परांजपे आमचे कोण लागतात, हे विद्यापीठाच्या कागदपत्रांवरून कळेल का?

नुसत्या आडनावावरून कळणार नाही. रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला; हे रँग्लर, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६), दापोलीजवळच्या मुर्डीचे. 'काळ' पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) हे महाडचे. दोघेही एकाच काळात पुण्यात वावरत होते, दोघांनाही लोक 'प्रोफेसर परांजपे' म्हणत, आणि त्या काळच्या बातमीत केवळ 'प्रो. परांजपे' एवढेच छापलेले असेल तर ते कोण, हे मजकुरावरूनच ओळखावे लागते. दोघांचे राजकारणही निराळे होते, एक नेमस्त आणि दुसरे जहाल, म्हणून येथे ओळख पटवणे सोपे जाते. सामान्य माणसांच्या बाबतीत अशी सोय नसते.

विद्यापीठाची नोंद एखाद्या व्यक्तीने कोणत्या वर्षी, कोणत्या कॉलेजातून, कोणती परीक्षा दिली हे सांगते. नाते सांगणे हे तिचे काम नाही. नाते जुळवायचे असेल तर प्रसिद्ध माणसापासून खाली न उतरता आपल्या घरातल्या ठाऊक असलेल्या शेवटच्या माणसापासून एकेक पिढी वर चढावे. उलट दिशेने निघालेले बहुतेक जण आपल्याला हव्या त्याच घरी पोहोचतात, आणि तीच खरी अडचण आहे.

२. मग विद्यापीठाच्या नोंदींचा उपयोग तरी काय?

उपयोग मोठा आहे, आणि तो आपल्या नावाच्या घडणीमुळे आहे. मराठी माणसाच्या पूर्ण नावात वडिलांचे नाव मध्ये येते. पदवीधरांच्या यादीतल्या एका ओळीत त्यामुळे दोन पिढ्या सापडतात, आणि मुलगाही पदवीधर असेल तर दोन ओळी मिळून तीन. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) आणि देवदत्त रामकृष्ण भांडारकर (१८७५–१९५०) ही नावे एकाखाली एक लिहिली की साखळी आपोआप दिसते. धर्मानंद कोसंबी आणि १९२९ साली हार्वर्डमधून पदवी घेतलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचेही तसेच. आडनावापेक्षा मधल्या नावावर अधिक विसंबावे, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो ते याचसाठी.

३. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतला पूर्वज असेल तर 'कॅलेंडर'पासून. नावावरून भिंतीवरची दिनदर्शिका डोळ्यांसमोर येते, पण हा विद्यापीठाचा वार्षिक ग्रंथ आहे. जाड बांधणीच्या या खंडात नियम, अभ्यासक्रम, फेलोंची नावे, बक्षिसे व शिष्यवृत्त्या आणि पदवीधरांच्या याद्या असतात. विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे होते. म्हणजे त्याआधीचा पूर्वज 'पदवीधर' म्हणून या याद्यांत असूच शकत नाही, घरी काहीही सांगत असले तरी.

जुने खंड मोठ्या ग्रंथालयांत आहेत आणि पुष्कळसे इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर चित्ररूपाने वाचता येतात. प्रत्यक्ष खंड हाताळायची वेळ आली तर पान वरच्या कोपऱ्याला धरून उलटू नये. शंभर वर्षांचा कागद तेथेच तुटतो, आणि नेमका आपल्याला हवा असलेला पृष्ठांक त्या तुकड्याबरोबर जातो. पदवीधरांची यादी पाहून झाली की बक्षिसांचीही पाहावी. मॅट्रिकला संस्कृतात मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती किंवा कॉलेजातली दक्षिणा फेलोशिप मिळालेल्या विद्यार्थ्याचे नाव अशा वेगळ्या यादीत पुन्हा येते, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळल्या की खात्री वाढते.

४. आजोबा विदर्भातले (किंवा मराठवाड्यातले, किंवा इंदूरचे) होते. ते मुंबईच्या यादीत का सापडत नाहीत?

त्यांचे कॉलेज बहुधा मुंबई विद्यापीठाशी संलग्नच नव्हते. आजचा महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवून जुन्या नोंदी शोधणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मुंबई विद्यापीठाची कक्षा मुंबई इलाख्याची होती, म्हणून कराची, अहमदाबाद, बडोदे आणि धारवाडचे विद्यार्थी तेथे सापडतात, पण नागपूरचे सापडत नाहीत. नागपूरची कॉलेजे आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाकडे होती. नागपूरचे स्वतःचे विद्यापीठ १९२३ मध्ये झाले. वऱ्हाडातली पुष्कळ मुले मात्र शिकायला थेट पुण्या-मुंबईला जात, त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या घराण्यांनी दोन्हीकडे पाहावे.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ आले. उस्मानियाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते, तेव्हा आपले आडनाव उर्दू लिपीत भेटण्याची तयारी ठेवावी. इंदूरच्या होळकर कॉलेजसाठी अलाहाबाद आणि १९२७ नंतर आग्रा विद्यापीठाच्या याद्या पाहाव्या लागतात. पुणे विद्यापीठ १९४९ चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ चे आहे. ही वर्षे शोधवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

५. इंग्रजी याद्यांत आडनावाचे स्पेलिंग काय धरावे?

एकच धरू नये. रँग्लर परांजपे आपले आडनाव 'पी'नंतर 'वाय' आणि 'ई' घालून लिहीत, आणि त्यांच्या घरात तेच चालू राहिले. इतर परांजपे 'ए-पी-ई' किंवा नुसते 'पी-ई' लिहितात. यावरून 'वाय' असलेले सगळे एका घरचे आणि नसलेले दुसऱ्या, असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण स्पेलिंग पुष्कळदा मॅट्रिकचा अर्ज भरणाऱ्या मास्तरांनी ठरवलेले असे. एकाच आईचे दोन मुलगे दोन शाळांत गेले म्हणजे दोन स्पेलिंगे झाली.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्याबद्दल अमेरिकेत शोध घेणाऱ्यांना हाच अनुभव येतो. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, त्याचे कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तेथे जोशीच्या शेवटी दोन 'ई' आहेत. आजच्या स्पेलिंगने शोध घेतला तर हाती काही लागत नाही.

शोधापूर्वी कागदावर आडनावाची सात-आठ रूपे लिहून काढावीत. 'ळ'साठी 'एल', 'ण'साठी 'एन', शेवटचा 'ए' कधी आहे कधी नाही, 'व'साठी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही. काळे आणि काले, काणे आणि काने इंग्रजीत एकच होतात, हेही लक्षात असावे.

६. संगणकावर आमचे आडनाव टाकले की हजारो निरुपयोगी निकाल येतात. काय करावे?

हे दुःख दाते, मोरे, गोरे आणि साने मंडळींनी सर्वांत जास्त कळवले आहे. दाते हे इंग्रजीत 'तारीख' होते, मोरे हे 'अधिक' होते, आणि यंत्राला त्यात काही वावगे वाटत नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे आडनाव इंग्रजी सूचीत आयरिश केन मंडळींच्या रांगेत जाऊन बसते. अशा वेळी आडनाव एकटे कधीच टाकू नये. आडनाव, मग पहिले नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम अवतरणचिन्हांत टाकावा आणि नंतर तोच उलट क्रमाने. काही जुन्या याद्या पहिल्या नावाच्या अकारविल्ह्याने लावलेल्या असतात, तेथे महादेव गोविंद रानडे 'आर'मध्ये नसून 'एम'मध्ये असतात. छापील पानावरून यंत्राने वाचलेला मजकूरही सदोष असतो, म्हणून यंत्राने 'नाही' म्हटले तरी त्या वर्षाची यादी डोळ्यांनी एकदा वाचून काढावी. एका वर्षाच्या यादीला फार तर अर्धा तास लागतो.

७. आद्याक्षरे जुळतात, आडनाव जुळते, काळही जुळतो. आता तरी आमचेच आजोबा ना?

अजूनही नाही. आर. पी. म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम, तसेच रामचंद्र पांडुरंग आणि राजाराम परशुराम. एका पिढीत एका आडनावात अशी तीन माणसे सहज असू शकतात. शिवाय आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे एका घरातच पुरुषोत्तम रघुनाथ आणि रघुनाथ पुरुषोत्तम आलटून पालटून येत राहतात; नाव तेच, पण पिढी दोन घरे पुढची.

हे लिहिणाऱ्याने स्वतः एका वंशावळीत असा एक एल. एल. बी. आजोबा सहा वर्षे मिरवला होता. कॉलेजच्या नोंदवहीतले गाव पाहिल्यावर कळले की तो गृहस्थ दुसऱ्याच तालुक्यातला होता. तेव्हापासून आमचा नियम असा की पूर्ण नाव, वडिलांचे पूर्ण नाव, मूळ गाव आणि परीक्षेचे वर्ष या चारांपैकी निदान तीन गोष्टी स्वतंत्र कागदांवरून जुळल्याशिवाय नोंद शाईने लिहायची नाही. कॅलेंडरमध्ये गाव नसते. ते कोठून मिळवावे हे प्रश्न ११ मध्ये सांगितले आहे.

८. आजी पदवीधर होती असे घरात सांगतात, पण तिचे नाव कोठेच नाही.

येथे अडचणी एकात एक गुंतलेल्या असतात, म्हणून उत्तर थोडे लांब आहे. पहिली अडचण लग्नाची: आडनाव, मधले नाव आणि कित्येकदा पहिले नावही बदलते. आनंदीबाई माहेरी यमुना होत्या. इरावती कर्वे (१९०५–१९७०) माहेरच्या करमरकर. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला, बालपण पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी गेले आणि जर्मनीतला प्रबंध कर्वे या नावाने झाला. तिन्ही आडनावे ठाऊक नसतील तर त्यांचा माग निम्म्यात सुटतो. म्हणून आजीच्या शोधात लग्नाचे वर्ष आधी निश्चित करावे आणि त्याआधीच्या परीक्षा माहेरच्या नावाने, नंतरच्या सासरच्या नावाने पाहाव्यात.

दुसरी अडचण पदवीच्या नावाची. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या पदवीला बी. ए. म्हणत नसत, ती 'गृहीतागमा' होती, आद्याक्षरांनी जी. ए., आणि त्यापुढची 'प्रदेयागमा'. एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेत किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बाईंच्या नावापुढे 'जी. ए.' दिसले तर ती छापील चूक समजून सोडून देऊ नये. मुंबई विद्यापीठाच्या यादीत त्यांचे नाव नसण्याचे कारण तेच आहे.

तिसरी अडचण परदेशातली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी १९४८ पासून दिली. रँग्लरांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी तेथे १९२९ मध्ये गणिताची ट्रायपॉस, म्हणजे तेथली पदवीची परीक्षा, दिली; अशा विद्यार्थिनींसाठी न्यूनम आणि गर्टन या महिला कॉलेजांच्या नोंदवह्या पाहाव्यात. याच घरात आडनाव पुढे आईकडून चालले: सई परांजपे यांचे आडनाव त्यांच्या आईचे आहे. आडनाव नेहमी बापाकडूनच येते हे गृहीतक यासाठी शिथिल ठेवावे.

९. मूळ आडनाव वेगळे होते असे ऐकले आहे. ते कागदावर दिसेल का?

क्वचितच दिसते. विद्यापीठाकडे जाणारे नाव शाळेतून जाते, आणि बदल झालाच असेल तर तो शाळेत किंवा त्याआधी झालेला असतो. भांडारकरांचे मूळ आडनाव पत्की. पूर्वज खजिन्यावर होते म्हणून भांडारकर झाले, पण विद्यापीठात पत्की शोधून काही सापडणार नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ आणि गाव आंबडवे, परंतु साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली, आणि मुंबई, कोलंबिया व लंडन येथील पुढच्या सर्व नोंदी आंबेडकर नावानेच आहेत. तात्पर्य, बदललेल्या आडनावाचा सांधा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये किंवा त्याच्याही मागे गावच्या कागदांत शोधावा लागतो.

काहींच्या बाबतीत आडनावच नसते. डॉक्टर रुखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या, तेव्हा वडिलांचे किंवा नवऱ्याचे आडनाव न लावता नुसत्या रुखमाबाई म्हणून. तंजावरच्या मराठी घराण्यांत दक्षिणी पद्धतीने गावाचे आद्याक्षर पुढे आणि 'राव' मागे येतो: सर टी. माधवराव यांचा 'टी' तंजावरचा. तेथे 'राव' हे आडनाव समजून नातेवाईक शोधू लागलात तर अर्धा दक्षिण भारत आपला निघेल.

१०. आमचे घराणे गोव्याचे. पोर्तुगीज नोंदींत नाव कसे शोधावे?

पोर्तुगीज उच्चारानुसार लिहिलेले रूप धरून. शेणवीचे 'सिनाय', प्रभूचे 'पोरोबो', कामतचे 'कामोतिम' झालेले दिसते आणि 'श'च्या जागी 'एक्स' येतो. गोव्याचे वैद्यकीय विद्यालय १८४२ पासूनचे आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचे. तेव्हा डॉक्टर पूर्वज असेल तर आधी पणजीकडे वळावे. एका भावाने पणजीत आणि दुसऱ्याने मुंबईत शिक्षण घेतले असेल तर दोघांची आडनावे कागदावर परकी वाटतील. स्पेलिंगबद्दलची बाकीची सूचना प्रश्न ५ मध्ये आहे.

११. मूळ गाव, जन्मतारीख आणि वडिलांचा व्यवसाय कोठे मिळतो?

कॉलेजच्या प्रवेश-नोंदवहीत, आणि तेथे नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. जन्मस्थळ आणि आधीची शाळा या दोन रकान्यांना सर्वाधिक महत्त्व द्यावे, कारण आधीच्या शाळेचे नाव मिळाले की आणखी एक रजिस्टर उघडते. जन्मतारखेवर फार भिस्त ठेवू नये. १ जून ही तारीख दिसली तर ती बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली असते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पुण्यात डेक्कन कॉलेज आणि १८८५ मध्ये सुरू झालेले फर्ग्युसन ही दोन कॉलेजे मुख्यतः तपासावी लागतात. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद झाले आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. मधल्या वर्षांत त्या कॉलेजातून 'पदवी' घेतलेला पूर्वज सांगणाऱ्या कहाण्या त्यामुळे आधी तपासून घ्याव्यात.

१२. परदेशी विद्यापीठांच्या नोंदी येथे बसून पाहता येतात का?

बऱ्याच पाहता येतात, आणि त्या कधीकधी आपल्याकडच्यांपेक्षा बोलक्या असतात. केंब्रिजमध्ये १९०० पर्यंत प्रवेश घेतलेल्यांचा चरित्रकोश आता शोधयोग्य स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात कॉलेज, प्रवेशाचे वर्ष आणि माहीत असेल तेथे वडिलांचे नाव असते. रँग्लर परांजपे सेंट जॉन्स कॉलेजचे. १८९९ मध्ये ते जॉर्ज बर्टविसल यांच्यासह पहिल्या क्रमांकावर होते. गणिताच्या ट्रायपॉसची क्रमवारी १९०९ पर्यंतच जाहीर होत असे, म्हणून त्यानंतरचा 'सीनियर रँग्लर' (म्हणजे त्या क्रमवारीत पहिला आलेला) पूर्वज कोणी सांगितला तर नम्रपणे वर्ष विचारावे.

जर्मन विद्यापीठांच्या जुन्या छापील प्रबंधांत शेवटी उमेदवाराचे छोटे आत्मवृत्त देण्याचा रिवाज होता. जन्मगाव, वडील, शाळा असे सारे एका पानावर मिळते. पूर्वज जर्मनीत शिकलेला असेल तर प्रबंधाचे शेवटचे पान आधी मागवावे.

१३. शोधगंगेवर किंवा गूगल स्कॉलरवर आमच्या आडनावाचे अनेक संशोधक दिसतात. त्यांचे नाते लावता येईल का?

येथे गुंता उलट दिशेने वाढतो. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात पूर्ण नाव, विद्यापीठ आणि मार्गदर्शक मिळतात, आणि ऋणनिर्देशाच्या पानावर आई-वडिलांची नावेही पुष्कळदा असतात. ते पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. गूगल स्कॉलर मात्र आद्याक्षर आणि आडनाव यांवर एकाच नावाच्या दोन माणसांचे लेख एकत्र करून ठेवते. ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, असेल तर माणसे वेगळी करता येतात, पण तो संशोधकाने स्वतः घ्यावा लागतो आणि २०१२ पूर्वी तो नव्हताच. हयात व्यक्तींची माहिती वंशावळीत घालण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

१४. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला तर विद्यापीठ आजोबांची नोंद देईल का?

सार्वजनिक विद्यापीठाला २००५ चा कायदा लागू आहे, तथापि खासगी माहितीचा अपवाद पुढे करून गुण आणि वैयक्तिक तपशील नाकारले जाऊ शकतात. अर्ज करण्याआधी साधे पत्र लिहून पाहावे. एका कार्यालयाने आमच्या एका परिचिताला लेखी अर्जावर चार महिने उत्तर दिले नाही. तो स्वतः गेला, वर्ष, परीक्षा आणि बैठक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याने कारकुनापुढे ठेवली, आणि नोंदवही दुपारच्या चहाआधी टेबलावर आली. 'आमच्या आडनावाचे सगळे द्या' अशी मागणी मात्र कोणीही पुरी करू शकत नाही, कारण त्या नोंदवह्या आडनावांनुसार लावलेल्याच नसतात.

१५. आजोबा कॉलेजात होते याचे पत्र घरी आहे, पण कोणत्याच यादीत नाव नाही.

ते नापास झाले असतील किंवा कॉलेज सोडून गेले असतील. याद्या उत्तीर्णांच्या असतात, आणि जुन्या काळी शिकणाऱ्यांपैकी पदवीपर्यंत पोहोचणारे थोडेच असत. मॅट्रिक, मग प्रीव्हियस किंवा इंटर, अशा खालच्या परीक्षांचे निकाल सरकारी गॅझेटात व वृत्तपत्रांत पाहावेत आणि कॉलेजचे प्रवेश-रजिस्टर (प्रश्न ११) तपासावे. तेथे नाव सापडले तर वंशावळीत 'बी. ए.' न लिहिता 'अमुक साली फर्ग्युसनमध्ये शिकत होते' एवढेच लिहावे, आणि पत्राची छायाप्रत त्या नोंदीमागे लावावी.